सातपर्यंत काकू

मुलुंडच्या वन-बीएचकेत सुलक्षणाचं पाळणाघर आहे. नऊ मुलं, त्यांतच तिची स्वतःची तीन वर्षांची शर्वी. हॉलमध्ये कॅमेरा आहे, त्यामुळे मुलांच्या आयांना ऑफिसात बसून मोबाइलवर सगळं दिसतं. एकीने फोन करून सुनावलंच, "ताई, रागावू नका, पण तुमचीच मुलगी सारखी तुमच्या कडेवर दिसते."

झालं! पोटच्या पोरीला उचलायचीही चोरी झाली. सुलक्षणाने शर्वीला बजावलं, "संध्याकाळी सातपर्यंत मी सगळ्यांची काकू. आई नंतर."

पोर शहाणी, दिवसभर काकूच म्हणू लागली. पण शेवटचं मूल घरी गेलं तरी ती गळ्यात पाण्याची बाटली अडकवून दाराकडेच बघत बसायची, जवळ यायचीच नाही. सुलक्षणाने हात टेकले. आता रोज सातला ती चपला घालून बाहेर जाते, दार नुसतं लोटून घेते आणि आपल्याच घराची बेल वाजवते.

काल शर्वी धावत आली, तिला घट्ट बिलगली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली,

&nbsp;

"आई, सगळ्यांच्या आया लवकर येतात. तूच का गं रोज शेवटी येतेस?"