चौऱ्याण्णवचे चार

"सर, चौऱ्याण्णव मार्कांचे चारच ग्रेड पॉइंट?" सुकेशनीनं निकाल आयटीआयच्या भोगले सरांपुढे धरला.

"पहिल्याला दहा. त्याच्याहून जितके मार्क कमी, तितके पॉइंट कमी. यंदा आपलं वेल्डिंगचं यंत्रही परीक्षेला बसवलं. त्याला शंभर पडले."

"आणि ते शिकलं कुणाकडून? वर्षभर हा सेन्सरचा हातमोजा घालून मी वेल्डिंग केलं, त्यावरून यंत्रानं माझ्या हाताची सफाई उचलली! परीक्षेत कुणी माझ्या पेपरात डोकावलं असतं, तर बाहेर काढलं असतंत ना?"

सरांनी नजर चुकवली. "नियम वरून येतात गं. पुढच्या वर्षीही हातमोजा सक्तीचाच आहे."

सुकेशनीनं हातमोजा ओढून काढला आणि टेबलावर आपटला.

"मग यंत्रालाच घाला. बघू, आता ते कुणाचं बघून शिकतंय!"