अण्णांचं बटण

दुपार झाली तरी अण्णांचा मेसेज आला नव्हता. एरवी सकाळी चहाच्या वेळेला तिचा फोन टिंग करून वाजायचा. 'मी बरा आहे', एवढंच असायचं त्यात. ते वाचलं की तिचा जीव भांड्यात पडायचा, आणि मग दिवसभर वडिलांचा विचार न करायला ती मोकळी.

तो मेसेज पाठवणारं यंत्र तिनंच केलेलं. अण्णा दुसऱ्या गावात एकटे. रोज फोन करायचा तर वेळ कुठला, आणि केलाच तर बोलायचं काय? त्यापेक्षा एक छोटा डबा, त्यावर एक बटण. सकाळी दाबलं की मेसेज. इंजिनिअर बाई, तिला दुसरं काय सुचणार! अण्णांनी डबा उलटसुलट करून पाहिला होता आणि छान आहे म्हणाले होते.

ऑफिसातले सगळे जेवायला गेले होते. तिनं फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना. अण्णांच्या शेजाऱ्यांचा नंबर आपल्याकडे नाही, हे तिला आत्ता कळत होतं. पुन्हा लावला. पुन्हा. शेवटी अण्णांनीच उचलला. झाडांना पाणी घालत होतो म्हणाले, ऐकूच आलं नाही. आवाज चांगला खणखणीत होता.

तिला रडू यायचं ते रागच आला. "अण्णा, आज बटण का नाही दाबलंत? माझा जीव टांगणीला लागला इथे."

"आज?" अण्णांना नवल वाटलं. "अगं, महिना झाला, मी दाबतच नाही."

तिचं लक्ष टेबलाच्या कोपऱ्याकडे गेलं. कालपर्यंत तिथे एक बोर्ड होता. नवी चिप तपासायला कंपनी देते तसला, ना डबा ना झाकण, सगळा उघडावाघडा. अण्णांचं यंत्र करण्याआधी तिनं ते या बोर्डावर चालवून पाहिलं होतं. रोज बोट कोण लावणार, म्हणून सकाळ झाली की बटण आपोआप दाबलं जाईल अशी सोय केली होती. तोच प्रोग्राम अण्णांच्या डब्यात उतरवताना ती सोय तेवढी काढली. यंत्राचा ओळख-नंबर बदलायचा मात्र राहून गेला, दोन्हींचा एकच राहिला. एका नंबरचा दिवसाला एकच मेसेज फोनवर घ्यायचा, हेही तिचंच डोकं. मग दोन यंत्रं बोलतायत हे कळणार कसं? बोर्ड बंद करायचाही विसरली. काल संध्याकाळी पलीकडे बसणाऱ्या टेस्टरनं मागितला, तेव्हा वायर काढून देऊन टाकला.

म्हणजे महिनाभर 'मी बरा आहे' असं तिला तिचं टेबल सांगत होतं.

"का नाही दाबलंत?" तिनं विचारलं.

अण्णा थोडे ओशाळून हसले. "मेसेज गेला की तू निवांत. म्हटलं, नाही गेला तर फोन करशील." पहिले काही दिवस फोन जवळच घेऊन बसत होतो म्हणाले, मग वाटलं, कामात असेल पोरगी.

ती खरं काय ते सांगायला लागली, "अण्णा, ते यंत्र..."

"पण बरं का," अण्णा खुशीत म्हणाले, "उशिरा का होईना, चालतं हां तुझं यंत्र."