पहिली तक्रार

"सकाळी एकदा ओरडला, मग चूप," नवरा म्हणाला. "म्हणजे सगळं ठीक. आजच पाठवून देऊ."

ओरडला होता तो तपासनीस. रुग्णाच्या उशाशी ठेवायच्या मॉनिटरच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, बसवलेला एक छोटा प्रोग्राम. गाभ्यातलं काहीही वापरायचं तर आधी त्याचा लॉक, म्हणजे तेवढ्यापुरतं इतरांना थांबवणारं कुलूप, घ्यावं लागतं. एका कामाने आधी नाडीच्या नोंदींचा लॉक घेतला आणि मग धोक्याच्या घंटेचा मागितला, दुसऱ्याने नेमकं उलट केलं, तर कधीतरी दोघं एकेक लॉक धरून एकमेकांची वाट बघत बसतात. कायमची. नाडी मंदावते, पण घंटा वाजत नाही. असा उलटा क्रम दिसला की तपासनीस बोंब मारतो, कुणी अडकण्याआधीच.

बायको त्याच टीममध्ये होती. चाचण्या तिच्याकडे. ती नुकतीच बैठकीतून परतली होती.

"सकाळी कशावरून ओरडला?"

"स्क्रीनच्या उजेडाचं काहीतरी. किरकोळ. बघू नंतर."

"आणि तसंच पुढे चालू ठेवलंस?"

"मग काय! तेव्हापासून चकार शब्द नाही."

तिने कपाळाला हात लावला. "अरे, तो एकदाच बोलतो. पहिल्या तक्रारीनंतर तपासणंच सोडून देतो. ती निस्तरून यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत त्याला काही दिसत नाही."

नवरा या कामात नवा होता. वाद न घालता त्याने उजेडाच्या लॉकचा क्रम सुधारला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. हातातला चहा निवायच्या आत तपासनीस ओरडला. या वेळी घंटेवरून. चूक नवऱ्याच्याच कोडमध्ये होती. मग त्याने सगळीकडे एकच क्रम लावला: आधी नोंदी, मग घंटा. चाचण्या पहिल्यापासून चालवल्या. आता तपासनीस गप्प राहिला, आणि तो जागा होता.

समोरच्या टेबलावर सर्किटला सोल्डरिंगचा डाग देणारा तंत्रज्ञ खिदळला. "वहिनींनी लाज राखली बघ. घरीपण अशीच हजेरी घेतात का?"

"छे रे! घरी एकदम शांतता. लग्नानंतर एकदा काय ते बोलली असेल. त्यानंतर कुरकुर म्हणून नाही."

तंत्रज्ञ पुन्हा हसला. नवराही हसला, आणि मध्येच थांबला. बायको खाली बघून वायरी गुंडाळत होती.

त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"तेव्हा काय म्हणाली होतीस तू?"

तिला आठवावं लागलं नाही.

"माझ्या आईला आपल्याकडे आणू या का, असं विचारलं होतं."