लुळी बाजू

"मान उजवीकडे कलती करा, आजी. ती बाजू तुमची भक्कम आहे. पाणी तिकडून सुखरूप उतरेल," तरुण डॉक्टरने चमचा पुढे धरला.

बाईंनी ओठ घट्ट मिटले.

अर्धांगाच्या झटक्यानंतर जेवणासाठी नाकात घातलेली नळी निघणार, की उद्या पोटाला भोक पाडून कायमची नळी बसणार, हे आज तीन चमचे पाण्यावर ठरायचं होतं. परवा पहिल्याच चमच्याला ठसका लागला होता, काल दुसऱ्याला. मुलाने धीर सोडून संमतीपत्रावर सही करून टाकली होती. ते पत्र खाटेशेजारच्या टेबलावर होतं.

"आई, ऐक ना त्यांचं. प्रत्येक वेळी काय तुझंच खरं?"

बाईंचा डावा हात चादरीवर निपचित पडला होता. बोलणं अजून बोबडं येत होतं, म्हणून उजव्या हाताने त्यांनी वही ओढली आणि लिहिलं, 'बाजू चुकली.'

डॉक्टर हसला. "आजी, लुळा हात डावा आहे ना? मग जिभेचीही डावीच बाजू लुळी. साधी गोष्ट आहे."

"डॉक्टर, ती बत्तीस वर्षं कॉलेजात शरीररचना शिकवायची," मुलगा जरा ओशाळून म्हणाला. "मुलं चिमटाबाई म्हणायची."

"असेल हो. पण आज परीक्षा यांची आहे, माझी नाही."

'दोघांची,' बाईंनी लिहिलं.

मग त्यांनी जीभ बाहेर काढली. ती सरळ आली नाही, उजव्या गालाकडे वळली.

"बघा! उजवीकडे ओढली गेली. म्हणजे जोर उजवीकडेच आहे."

बाईंनी डोळे वटारले. त्या नजरेने कधीकाळी विच्छेदनाच्या हॉलमध्ये चाळीस मुलं गप्प होत असत. पेन कागदावर करकरलं. 'स्नायू जीभ ओढून नाही, ढकलून बाहेर काढतात. हनुवटीच्या मागून पंख्यासारखे पसरलेले दोन, एकेका बाजूला एकेक. दोघं जण कपाट पुढे ढकलताहेत. उजवीकडचा दमला. कपाट कुठे वळेल?'

वही त्यांनी डॉक्टरपुढे धरली. मुलानेही वाकून वाचलं आणि हवेतच दोन्ही तळव्यांनी कपाट ढकलून पाहिलं.

"उजवीकडे," तो हळूच म्हणाला.

"पण मग हात डावा कसा?" डॉक्टरने विचारलं. आवाजातलं हसू गेलं होतं.

'घाव मेंदूच्या देठात, उजवीकडे. हाताची वाट तिथून खाली जाऊन बाजू बदलते. जिभेची नस बदलत नाही. पहिल्या वर्षाला होतं हे.'

डॉक्टर कानापर्यंत लाल झाला. चमचा त्याच्या हातात तसाच होता. बाईंनी मान डावीकडे कलती केली आणि तोंड उघडलं.

पहिला चमचा. जिभेचं टोक टाळूला लागलं, मागचा भाग लाटेसारखा उठला, पाणी उतरलं. मुलाने श्वास रोखून धरला. ठसका आला नाही.

दुसरा चमचा.

तिसऱ्याला बाई थांबल्या. पाणी तोंडात तसंच धरून ठेवलं. कपाळावर घाम आला. मुलगा पुढे सरकला, तसा त्यांनी कोपराने त्याला मागे सारलं आणि गिळलं.

"आ म्हणा," डॉक्टर म्हणाला. पाणी श्वासनलिकेत गेलं असतं, तर आवाज घोगरा आला असता.

"आ." आवाज खणखणीत आला. दारातल्या नर्सने वळून पाहिलं.

"पुरे, बाई," डॉक्टर म्हणाला. आजी म्हणायचं तो विसरला होता. त्याने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला, पण बाईंचा हात आधी पोहोचला. मान डावीकडे कलती ठेवून त्या घोटाघोटाने पिऊ लागल्या. थोडं पाणी हनुवटीवरून गळ्याशी ओघळलं. मुलाने टॉवेल आणला. त्यांनी तो घेतला नाही. घाई केली नाही, मध्ये थांबल्याही नाहीत.

रिकामा पेला त्यांनी संमतीपत्रावर पालथा घातला. ओल्या काठाखाली सहीची शाई हळूहळू पसरत गेली. पेला कोणीच उचलला नाही.