तीन फुटांवरून मदत

सुपरमार्केटात फळ्या बसवायला आलेल्या सुताराला साबणांच्या रांगेत एक चिमुरडी एकटीच रडताना दिसली. आजूबाजूची चार मोठी माणसं तिला पाहताच साबणावरची बारीक अक्षरं वाचायला लागली होती. सुतारालाही वाचनाची ओढ लागली. हात धरावा तर लोक म्हणणार, पोरं पळवणारा. न धरावा तर घरी बायको म्हणणार, दगड. शेवटी त्याने कमरेची मोजायची टेप काढली, तीन फूट ओढून लॉक केली आणि टोक तिच्यापुढे धरलं.

"हे धर, बाळ. काउंटरवर जाऊ. तिथल्या मॅडम माइकवरून आईला हाक मारतील."

वरात निघाली. मधलं अंतर कुणीही येऊन वाचून घ्यावं!

अर्ध्या वाटेतच आई धावत आली. तिने काही विचारायच्या आतच सुतार म्हणाला, "ताई, मी हात नाही लावला हो!"

आईने लेकीला उचलून छातीशी धरलं. लेकीने मात्र टेपचं टोक सोडलं नाही.

"आई, थांब ना. यांना आधी काउंटरवर पोचवू. खूप घाबरलेत गं हे."

आईने डोळे पुसले, सुताराकडे पाहिलं आणि हसली.

"चला दादा, आम्ही पोचवतो तुम्हाला."