आईच्या बेलची वायर

राउटरमागे उभी केलेली पितळी परात. पडद्यावर तोंड उघडं ठेवून थिजलेली माझी लेक शाल्मली. शेवटच्या खोलीत, बाबांच्या पलंगाशेजारी, बेलचं पिवळं पडलेलं बटण.

परात लावूनही वायफाय त्या खोलीपर्यंत पोहोचत नव्हतं. परदेशातल्या नातीशी बोलायला बाबा काठी टेकत स्वयंपाकघरात यायचे.

नेटवाला पराग बाबांना म्हणाला, "काका, केबलच टाकू. भिंतीतल्या पाइपात जुनी वायर आहे. तिच्या टोकाला केबल बांधायची आणि वायर तुमच्या खोलीतून ओढून काढायची. फोडाफोड नाही."

ती वायर आईच्या बेलची. शेवटच्या आजारात आई अंथरुणाला खिळली, तेव्हा बाबांनीच ती पाइपात घातली होती. तिनं बटण दाबलं की स्वयंपाकघरात वाजावं म्हणून.

"तिला हात नको लावूस," मी परागला म्हणालो. "भिंतीवरून ने केबल."

"आणि घरभर लोंबू दे?" बाबा म्हणाले. "मला शाल्मली माझ्या खोलीत दिसायला हवी. सरका, मी ओढतो. वळणावर अडते ती."

अडलीच. बाबांनी ती जरा ढिली सोडली, पुन्हा ओढली. मागोमाग केबल आली. वायर त्यांनी लोकरीसारखी पंजाभोवती गुंडाळली.

पराग बटणाचे स्क्रू काढू लागला.

"ते राहू दे," बाबा म्हणाले.

संध्याकाळी शाल्मली पडद्यावर न थिजता हसली. "आजोबा, आज मागे फोडणीचा आवाज नाही?"

आईनं ती बेल अकरा महिन्यांत एकदाच वाजवली होती, चालते का बघायला. बाबा खोलीतून हलतच नसत.