बत्तीस सालची फोर्ड

नेव्हिलने खोका उघडला आणि गाडी रॉसच्या हातात ठेवली.

"जपून धर. रंग आत्ता कुठे पक्का झालाय."

वीतभर लांबीची, बत्तीस सालच्या फोर्डची ती प्रतिकृती. रॉसने दहाव्या वर्षी सुटे भाग चिकटवून केलेली. नऊ वर्षांपूर्वी मधुमेहाने त्याचे डोळे नेले, तेव्हापासून ती त्याच्या रेडिओशेजारी असायची, आणि रोज संध्याकाळी बातम्या लागल्या की मांडीवर. दोन महिन्यांपूर्वी तिचं पुढचं चाक निखळलं. "एवढं चाक चिकटवून दे," म्हणून त्याने ती थोरल्या भावाकडे, नेव्हिलकडे, दिली होती.

नेव्हिलने चाळीस वर्षं ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू गावात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग केलं होतं. नुसतं चाक चिकटवून गाडी परत देणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याने सगळे भाग सुटे केले. जुना रंग उतरवला, गोंदाचे ओघळ पॉलिश पेपरने घासून काढले, फटी पुट्टीने भरल्या आणि लाल रंगाचे सहा हात मारले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपला हात अजून थरथरत नाही, हे बघून तो खूश होता.

उद्या रॉस जवळच्या कडीना गावातल्या वृद्धाश्रमात जाणार होता. तिथल्या खोलीत त्याच्या वाट्याला एकच फळी होती. त्याची मुलगी जनीन मागच्या खोलीत सामान बांधत होती. काय काय न्यायचं असं तिने विचारलं, तेव्हा त्याने पहिलं नाव या गाडीचं घेतलं होतं.

रॉसची बोटं बॉनेटवरून फिरली, पुढच्या काचेवरून टपावर गेली. तिथे थांबली. पुन्हा मागे आली.

"गुळगुळीत झालीय," तो म्हणाला.

"आरसा आहे आरसा. दिसत असतं तर तिच्यात बघून दाढी केली असतीस."

रॉस हसला नाही. अंगठ्याने टपाची डावी कड चाचपत राहिला.

"नेव्ह, आईचा अंगठा कुठाय?"

"कुठला अंगठा?"

"टप नीट बसेना, तेव्हा तिने दाबून धरला होता. गोंद बाहेर आला आणि त्यात तिचा अंगठा उमटला. इथे, दाराच्या वर. रेषा लागायच्या हाताला. तू नव्हतास घरी. जेट्टीवर खेकडे धरायला गेला होतास."

नेव्हिलला तो गोंदाचा गोळा आठवला. फार कडक होता. घासायला अर्धा तास लागला होता, आणि एवढं बेंगरूळ काम कुणी केलं म्हणून तो एकटाच हसलाही होता. रॉसने गाडी केली त्याच वर्षी हिवाळ्यात आई गेली होती.



"ही तुझी नाही," तो म्हणाला. "ही मी दुसरी केली. सहज, हौस म्हणून. तुझी बाहेर पिकअपमध्ये राहिलीय."

रॉसने गाडी पुढे धरली. "बरं. आण जा."

पिकअपमध्ये बसून नेव्हिलने तीच गाडी मांडीवर घेतली आणि गोंदाची नळी उघडली. टपाच्या डाव्या कडेवर मोठा थेंब सोडला. गोंदाने लगेच रंग खाल्ला, लाल ओघळ दारावर उतरला. त्याने त्यात अंगठा दाबला. पत्रे घासून घासून अंगठ्याच्या रेषा कधीच झिजल्या होत्या, नुसता खड्डा पडला. तो बुजवून करंगळीने करून पाहिलं. तेही आईचं वाटेना. आईची बोटं कशी होती, जाड की बारीक, तेच त्याला आठवेना.

जनीन खेकडे धरायची जाळी शेजाऱ्यांना द्यायला बाहेर आली.

"नेव्हिलकाका, उन्हात काय करत बसलाय? काच तरी खाली करा. चक्कर येईल त्या वासाने."

"आलोच," तो म्हणाला.

आत जाऊन त्याने गाडी पुन्हा रॉसच्या हातात दिली. रॉसने या वेळी बॉनेट चाचपलं नाही. अंगठा सरळ टपाच्या कडेवर नेला आणि तिथेच राहू दिला. रेडिओवर कुणीतरी क्रिकेटचा स्कोअर सांगत होतं.

"गोंद ओला आहे, नेव्ह."

नेव्हिल उभाच होता. "मला माहीत नव्हतं रे," तो म्हणाला. "मला कुणी सांगितलंच नाही कधी."

"मी कशाला सांगतोय? सांगितलं असतं, तर अर्धा अंगठा मागितला असतास."



रॉसने हात पुढे केला. नेव्हिलने आपला हात त्यात दिला. रॉसने चाचपून त्याचा अंगठा शोधला, टपाच्या कडेवर टेकवला आणि वरून स्वतःचा ठेवला.

"दाबून धर. शंभर मोजेपर्यंत सोडायचं नाही, म्हणाली होती ती."

नेव्हिल मोजू लागला. चाळिसाच्या पुढे त्याला आकडा म्हणवेना. पुढचे रॉसने मोजले.